नृत्यदिग्दर्शकाच्या अंगी काय असावे लागते

उत्तम नाचता येणारे विद्यार्थी मला नेहमी एक प्रश्न विचारतात: आता आम्ही स्वतःच्या रचना करायला कधी घ्यायच्या? प्रश्न रास्त आहे. पण नाचण्यात पुरेसे प्रावीण्य मिळाले की नृत्यदिग्दर्शन आपोआप जमू लागते, असे एक गृहीतक त्यामागे असते, आणि माझ्या अनुभवात तसे होत नाही. नाचणारा स्वतःच्या शरीरातून विचार करतो. नृत्यदिग्दर्शकाला दुसऱ्यांच्या शरीरांतून विचार करावा लागतो, आणि तोही आपण स्वतः रंगमंचावर नसताना. या व्यवसायाला लागणारी जवळजवळ सगळी कौशल्ये आणि बहुतेक सगळे गुण या एकाच फरकातून निपजतात, असे वर्षानुवर्षे तालमी घेतल्यानंतर माझे मत झाले आहे, आणि तेच येथे थोडे विस्ताराने मांडते.

याचा अर्थ नृत्याचे शिक्षण बिनमहत्त्वाचे आहे असा कोणी घेऊ नये. किमान एका शैलीत शरीर मुरलेले असल्याशिवाय उडी घेण्याआधी वजन कुठे ठेवावे, गिरकी संपताना तोल कशाने सावरतो, दमलेल्या नर्तकाचा श्वास हालचालीत कुठे अडकतो, या गोष्टी कळत नाहीत, आणि ज्याला त्या कळत नाहीत त्याच्या रचना कल्पनेत कितीही सुंदर असल्या तरी शरीराला परक्या राहतात. मात्र शिक्षणाची वाट एकच नसते. उदय शंकर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले होते. कोणत्याही एका शास्त्रीय शैलीची दीर्घ तालीम त्यांच्यापाशी नव्हती, आणि तरीही १९२३ मध्ये अ‍ॅना पाव्हलोव्हा या विख्यात रशियन नर्तकीसाठी त्यांनी भारतीय विषयांवरच्या रचना केल्या. त्यांच्यापाशी चित्रकाराची नजर होती. रंगमंचाच्या चौकटीत माणसे कुठे उभी केली की चित्र तोलले जाते हे त्यांना दिसत असे, आणि माझ्या मते ही नजर हेच नृत्यदिग्दर्शकाचे पहिले भांडवल आहे.

ही नजर कमवावी लागते. तालमीच्या खोलीत आरशासमोर नाचताना आपण स्वतःला नेहमी समोरून आणि एकाच उंचीवरून पाहतो. प्रेक्षक तसे पाहत नाहीत. पहिल्या रांगेतल्या माणसाला मागच्या ओळीतल्या नर्तकांचे पाय दिसत नाहीत, बाल्कनीत बसलेल्याला चेहऱ्यांपेक्षा जमिनीवर उमटणाऱ्या आकृत्या अधिक स्पष्ट दिसतात, आणि अगदी कडेच्या खुर्चीवर बसलेल्याला रंगमंचाचा एक तुकडा विंगेआड गेलेला असतो. रचना या सगळ्यांसाठी असते. म्हणून तालीम अर्ध्यावर आली की मी नर्तकांना आरशाकडे पाठ करायला लावते आणि स्वतः खोलीच्या चारही बाजूंनी फिरून, कधी जमिनीवर बसून, कधी खुर्चीवर उभी राहून तोच भाग पुन्हा पाहते. आरसा गेला की नर्तकांचा गोंधळ उडतो, एकमेकांचे अंतर त्यांना पाठीने आणि कानाने ओळखावे लागते. पण प्रयोगाच्या दिवशी त्यांना तेच करायचे असते.

अंतराचा हा विचार फार जुना आहे. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात भरताने नाट्यगृहांचे प्रकार सांगितले आहेत आणि माणसांसाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद असे मध्यम आकाराचे नाट्यगृह योग्य ठरवले आहे. त्याहून मोठ्या नाट्यगृहात संवाद नीट ऐकू येत नाहीत आणि चेहऱ्यावरचे भाव अस्पष्ट होतात, असे कारणही दिले आहे. आजच्या नृत्यदिग्दर्शकाला नाट्यगृह निवडण्याचा अधिकार क्वचितच असतो, पण तो हिशेब त्यालाही करावाच लागतो. शंभर माणसांच्या सभागृहात भुवईच्या एका हालचालीवर उभा राहणारा क्षण हजार माणसांच्या प्रेक्षागृहात कोणापर्यंतच पोहोचत नाही. तिथे तोच भाव खांद्यांतून, पाठीच्या वळणातून किंवा नर्तकीच्या चालीतून दाखवावा लागतो. एकच रचना दोन वेगळ्या जागी जशीच्या तशी करणारे दिग्दर्शक मी पाहिले आहेत आणि त्यामुळे चांगल्या रचना वाया जाताना पाहून मला खरोखर वाईट वाटले आहे.

पाहण्याचा आणखी एक भाग म्हणजे प्रेक्षकाची नजर कुठे जाईल याचा अंदाज. अकरा जण स्थिर उभे असताना बाराव्याने नुसता हात उचलला तरी सगळ्यांचे डोळे तिकडे जातात. अकरा जण वेगाने फिरत असताना एकटी स्थिर उभी राहिलेली नर्तकीही तितकीच नजर खेचते. या नियमाचे भान नसेल तर महत्त्वाची हालचाल एका कोपऱ्यात घडते आणि प्रेक्षक भलतीकडेच पाहत राहतात. नर्तक असताना आपण त्या बारा जणांपैकी एक असतो आणि स्वतःची जागा सांभाळतो. दिग्दर्शकाला बाराही जण एका वेळी दिसले पाहिजेत, शिवाय त्यांच्यामधल्या मोकळ्या जागाही दिसल्या पाहिजेत, कारण फॉर्मेशन, म्हणजे नर्तकांच्या उभे राहण्याची आकृती, घडते ती त्या मोकळ्या जागांमुळेच.

नजरेइतकाच कान तयार असावा लागतो. साधा हिशेब करून पाहा. मिनिटाला १२० ठोके अशा लयीतले पाच मिनिटांचे संगीत घेतले तर त्यात ६०० ठोके होतात, म्हणजे आठ-आठच्या मोजणीने ७५ गट. त्या प्रत्येक गटात प्रत्येक नर्तक काय करणार हे कोणीतरी ठरवलेले असावे लागते. दहा नर्तक असतील तर असे ७५० छोटे निर्णय होतात, आणि यात एकमेकांशी होणारे संबंध मोजलेलेच नाहीत. संगीताची बांधणी डोक्यात स्पष्ट नसेल तर हा पसारा आवरत नाही. मी कथकमधून आले आहे, त्यामुळे हा हिशेब मला तालाच्या भाषेत सुचतो. सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, उचललेली, पाच मात्रांचा बोल तीन वेळा आणि मध्ये एक-एक मात्रेची दोन विश्रांतिस्थाने अशी तिहाई घेतली तर ती सतरा मात्रांची होते आणि तिचा शेवट नेमका पुढच्या समेवर येतो. एकल नर्तकी ही समेची जागा स्वतःच्या पायात बाळगते. समूहात मात्र पाच जणींनी पाच दिशांनी धावत येऊन त्याच समेवर थांबायचे असेल, तर प्रत्येकीच्या वाटेची लांबी वेगळी असते, म्हणून प्रत्येकीची पावले वेगळी मोजावी लागतात, आणि ती मोजणी दिग्दर्शकाने तालमीच्या आधीच केलेली असली पाहिजे.

ठोके मोजता येणे ही मात्र केवळ सुरुवात झाली. संगीतात वाक्ये असतात, प्रश्न-उत्तरे असतात, मागे राहून काम करणारी वाद्ये असतात, आणि मुद्दाम सोडलेल्या शांत जागा असतात. बॅलेचे नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बालांशीन यांनी नृत्याबरोबर संगीताचेही रीतसर शिक्षण घेतले होते आणि वाद्यवृंदाच्या रचना ते स्वतः पियानोसाठी उतरवून काढत असत. त्यांच्या नृत्यांत एखादा आडवा, दुय्यम सूरही कोणाच्या तरी पावलांत का सापडतो हे त्यावरून समजते. याच्या अगदी उलट वाट नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी धरली. त्यांच्या अनेक कलाकृतींत नृत्य आणि संगीत स्वतंत्रपणे तयार होत आणि दोघांची गाठ प्रयोगाच्या वेळीच पडत असे. वरवर पाहता यात संगीताची जाण लागत नाही असे वाटेल. प्रत्यक्षात संगीताचा आधार काढून घेतल्यावर नर्तकांना वेळेचे भान स्वतःच्या अंगी इतके पक्के बाणवावे लागते की कनिंगहॅम यांच्या तालमीत स्टॉपवॉच हे नेहमीचे साधन होते. संगीताशी नाते तोडायचे असले तरी ते नाते काय असते हे आधी माहीत असावे लागते.

या बाबतीत १९१३ सालच्या एका प्रयोगाची हकिगत मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. त्या वर्षी २९ मे रोजी पॅरिसमध्ये स्ट्राविन्स्की यांच्या संगीतावर वात्स्लाव निजिन्स्की यांनी बसवलेल्या 'द राइट ऑफ स्प्रिंग' या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. त्या संगीतातली मात्रांची मोजणी काही भागांत जवळजवळ प्रत्येक ओळीला बदलते, आणि नर्तकांना ती आत्मसात व्हावी म्हणून मारी रांबेर या तालशिक्षण घेतलेल्या नर्तकीची खास नेमणूक झाली होती. प्रयोगाच्या वेळी प्रेक्षागृहात इतका गोंगाट झाला की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईनासा झाला, आणि निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभे राहून ओरडून मोजणी सांगत राहिले. लोकांना या प्रसंगातला गोंधळ आठवतो. मला आठवते ती रांबेर यांची नेमणूक: रचना अवघड आहे हे ओळखून नर्तकांना लागणारी मदत आधीच उभी करणे हासुद्धा नृत्यदिग्दर्शनाच्या व्यवहाराचाच भाग आहे.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळते. सुचलेल्या हालचाली एकामागून एक जोडत जाणे ही नवख्यांची स्वाभाविक पद्धत असते, आणि पहिली दोन मिनिटे ती चालूनही जाते. त्यानंतर प्रेक्षकाला थकवा येऊ लागतो, कारण त्याला प्रत्येक क्षणी नवे काहीतरी दिले जाते आणि ओळखीचे काहीच हाती लागत नाही. अनुभवी दिग्दर्शक थोड्या हालचाली घेतो आणि त्यांचा विस्तार करतो: तीच हालचाल उलट दिशेने, अर्ध्या लयीत, जमिनीलगत, एकीऐवजी सहा जणींनी, किंवा सहा जणींनी एकीमागून एक दोन-दोन मात्रांच्या अंतराने. एकाच बंदिशीतून तासभराचे गाणे उलगडणाऱ्या गायकाची शिस्त इथेही लागते. सगळ्यांनी एकसारखे नाचणे हे समूहनृत्यातले सर्वांत प्रभावी आणि म्हणूनच सर्वांत जास्त वाया घालवले जाणारे साधन आहे. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरले की त्याचा परिणाम उरत नाही, पण बराच वेळ सगळे वेगवेगळे नाचून एका क्षणी एकत्र आले तर प्रेक्षागृह सरसावून बसते.

कुमुदिनी लाखिया यांचे काम या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. कथक ही मुळात एकल नृत्याची परंपरा. नर्तकी, तबला आणि लहेरा (तालाचे आवर्तन धरून ठेवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) यांच्या संवादावर उभी असलेली. लाखियांनी ती समूहाकडे नेली तेव्हा एकल तोडे (बोलांवर बांधलेले नृत्याचे तुकडे) आठ जणींकडून एकाच वेळी करून घेण्यावर त्या थांबल्या नाहीत. चक्कर (गिरकी), तत्कार (पायांचे काम), गत (ठरावीक चाल) यांना रंगमंचाच्या अवकाशात वाटून देताना त्यांनी कथकमधली जागेची कल्पनाच बदलली. आपल्या परंपरेचे नियम इतके नीट माहीत असणे की त्यातला कोणता नियम हलवता येतो आणि कोणता हलवला तर इमारत कोसळेल हे कळावे, या समजेला मी सर्जनशीलता म्हणते. परंपरेच्या अज्ञानातून आलेल्या नावीन्याबद्दल मला फारसे कौतुक वाटत नाही.

आणि रचनेतले सर्वांत अवघड काम म्हणजे कापणे. एखादी हालचाल स्वतःला अतिशय प्रिय असते, ती सुचायला आठवडा लागलेला असतो, नर्तकांनी ती घाम गाळून बसवलेली असते, आणि तरीही ती या रचनेत बसत नाही हे दिसत असते. ती काढून टाकण्याचे धैर्य ज्याच्यात नाही त्याची प्रत्येक रचना गरजेपेक्षा लांब होते.

मात्र या सगळ्यापेक्षा अधिक सांगावेसे वाटते ते माणसांबद्दल. चित्रकाराचे रंग दुखावत नाहीत, दमत नाहीत आणि घरी जाऊन अपमान आठवत बसत नाहीत. नृत्यदिग्दर्शकाचे माध्यम म्हणजे जिवंत माणसे, आणि ती रोज वेगळ्या शरीराने तालमीला येतात. १९३४ मध्ये बालांशीन यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या नव्या शाळेतल्या विद्यार्थिनींवर 'सेरेनेड' ही रचना बसवायला घेतली तेव्हा पहिल्या दिवशी सतरा जणी हजर होत्या, म्हणून सुरुवातीचे चित्र सतरा जणींचे झाले. नंतरच्या दिवशी जितक्या आल्या तितक्यांसाठी पुढचा भाग बसवला गेला. एक जण उशिरा आली, एक जण पडली. या दोन्ही गोष्टी रचनेत कायमच्या आल्या. आज ही कलाकृती जगभर सादर होते. समोर जे आहे, जितके आहे, त्यातून रचना उभी करण्याची ही तयारी व्यावसायिक दिग्दर्शकाजवळ असावीच लागते, कारण मनासारखा संच, मनासारखी जागा आणि मनासारखा वेळ हे तिन्ही एकत्र सहसा कोणालाच मिळत नाहीत.

जर्मनीतल्या वुपर्टाल येथे १९७३ पासून काम करणाऱ्या पिना बाउश यांनी याच्याही पुढे जाऊन नर्तकांना प्रश्न विचारण्याची पद्धत रुजवली. भीती, प्रेम, बालपण यांविषयी त्या विचारत, नर्तक शब्दांनी किंवा हालचालींनी उत्तरे देत, आणि त्या उत्तरांतून निवड करून रचना उभी राहत असे. त्यांनी १९७८ मध्ये केलेली 'कॉन्टाक्टहोफ' ही रचना पुढे २००० मध्ये पासष्टीपुढच्या हौशी माणसांना घेऊन आणि २००८ मध्ये किशोरवयीन मुलामुलींना घेऊन पुन्हा उभी राहिली. व्यावसायिक नर्तकांसाठी केलेली रचना सत्तर वर्षांच्या आजींच्या शरीरातही अर्थपूर्ण ठरते याचे कारण त्यात कसरतीपेक्षा निरीक्षण अधिक होते. प्रत्येकाने ही पद्धत वापरावी असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः बहुतेक हालचाली ठरवूनच तालमीला जाते. पण विचारण्याची आणि ऐकून घेण्याची सवय नसलेला दिग्दर्शक आपल्या नर्तकांकडून फक्त स्वतःच्या शरीराच्या नकला करून घेत राहतो, आणि त्या नकला मुळापेक्षा नेहमी थोड्या फिक्या असतात.

नर्तकांच्या शरीराची जबाबदारी हा विषय आपल्याकडे अजूनही पुरेशा गांभीर्याने बोलला जात नाही, म्हणून त्यावर थोडी थांबते. उडीवरून खाली येताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. लाकडाची, खाली थोडी लवचीकता असलेली जमीन त्यातला काही भार स्वतःकडे घेते. सिमेंटवर थेट अंथरलेली लादी घेत नाही. अशा कठीण जमिनीवर उड्यांचा एकच भाग तासभर घोटून घेणारा दिग्दर्शक नर्तकांच्या घोट्यांचे, नडगीचे आणि गुडघ्यांचे नुकसान करत असतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो. जमीन कशी आहे हे आधी पाहणे, तालमीच्या सुरुवातीला शरीर तापवायला पुरेसा वेळ देणे, उड्या आणि उचलण्याचे भाग नर्तक ताजेतवाने असताना घेणे, आणि जागा व मोजणी पक्की करण्यासाठी अर्ध्या ताकदीने नुसते मार्क करू देणे, या गोष्टी कोणत्याही प्रतिभेपेक्षा आधी शिकवल्या पाहिजेत असे माझे ठाम मत आहे. शारीरशास्त्राचे किमान ज्ञान यासाठी लागते. शिकवताना स्पर्श करावा लागत असेल तर आधी विचारावे; नर्तक लहान असोत वा मोठे, नकाराला जागा असलीच पाहिजे. उग्र बोलणे, सर्वांदेखत पाणउतारा करणे, भीतीच्या जोरावर शिस्त लावणे याला काही ठिकाणी अजूनही गुरुत्वाचे लक्षण समजले जाते. मला ते अकुशलतेचे लक्षण वाटते, कारण घाबरलेले शरीर आखडते, आखडलेले शरीर उशिरा शिकते आणि लवकर जखमी होते.

मृदू असण्याबरोबर निर्णयक्षमही असावे लागते. दहा नर्तक घामाघूम उभे असताना दिग्दर्शकाने पंधरा मिनिटे स्वतःशी विचार करत राहणे कोणालाच परवडत नाही. चुकीचा ठरला तरी चालेल पण आत्ता एक निर्णय द्यावा, करून पाहावे आणि उद्या बदलावे. 'हे काहीतरी जमत नाही' असे म्हणण्यापेक्षा 'डावा खांदा एक मात्रा आधी वळू दे' असे सांगता येणे हे भाषेचे कौशल्य आहे. कोणाला मोजणी सांगितली की कळते, कोणाला बोल म्हणून दाखवले की कळते, तर कोणाला एखादी प्रतिमा दिली की क्षणात शरीर बदलते; दिग्दर्शकाला या तिन्ही भाषा याव्यात.

व्यवहाराच्या बाजूबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती शिकता येते आणि बहुतेक जण ठेचा खाऊन का होईना शिकतातच. तालमींचे वेळापत्रक, ज्यांची गरज नाही त्यांना बसवून न ठेवणे, खर्चाचा अंदाज, बदली नर्तक तयार ठेवणे, करार लेखी करणे. एका गोष्टीचा मात्र वेगळा उल्लेख करते, कारण ती कळेपर्यंत मोठ्या मैदानातल्या रचना का विस्कळीत दिसतात हे लक्षात येत नाही. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मैदानाच्या एका टोकाला ध्वनिवर्धक असेल तर १०० मीटर दूरच्या नर्तकाला तो ठोका जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत हे अंतर अर्ध्या ठोक्याहून जास्त आहे. दोन्ही टोकांचे नर्तक आपापल्या कानाशी प्रामाणिक राहतात आणि तरीही एकत्र दिसत नाहीत. अशा वेळी नर्तकांना ओरडण्यात अर्थ नसतो. कानात बसवलेल्या यंत्रांतून सर्वांपर्यंत एकाच वेळी संगीत पोहोचवण्याची व्यवस्था ध्वनितंत्रज्ञाशी बोलून करावी लागते.

तंत्रज्ञांशी बोलता येणे हा म्हणूनच स्वतंत्र गुण आहे. नुसता समोरून टाकलेला प्रकाश शरीराला सपाट करतो. विंगांमधून येणारा आडवा प्रकाश हातापायांना गोलाई देतो, पण त्या विंगेलगत उभी केलेली नर्तकी पलीकडच्यांवर सावली टाकते, म्हणून प्रकाशयोजनाकाराशी चर्चा फॉर्मेशन पक्की होण्याआधी व्हायला हवी. वेशभूषा तर कधीकधी रचनेचाच गाभा ठरते. मार्था ग्रॅहम यांनी १९३० मध्ये केलेल्या 'लॅमेंटेशन' या एकल रचनेत नर्तकी बाकावर बसून ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या नळीत गुरफटलेली असते. शोकाचा सगळा ताण त्या कापडाच्या घड्यांतून दिसतो. कॅमेऱ्यासाठी काम करायचे तर हिशेब पुन्हा बदलतो. चित्रपटांतले नर्तक फ्रेड अ‍ॅस्टेअर नाचताना आपले संपूर्ण शरीर चौकटीत राहावे आणि मध्ये कमीत कमी कट घेतले जावेत असा आग्रह धरत. चित्रपटांचे नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कली यांनी कॅमेरा थेट डोक्यावर नेऊन नर्तिकांच्या भौमितिक आकृत्या दाखवल्या, ज्या प्रेक्षागृहातल्या खुर्चीवरून कधीच दिसल्या नसत्या. दोन्ही पद्धती श्रेष्ठ ठरल्या, कारण कॅमेरा काय पाहतो याचा विचार दोन्हींत हालचाल ठरवतानाच झाला होता. मोबाइलच्या उभ्या चौकटीसाठी आडवे पसरलेले फॉर्मेशन बसवणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

नोंद ठेवण्याची सवय हा सर्वांत दुर्लक्षित गुण. निजिन्स्की यांची १९१३ ची ती रचना मोजक्या प्रयोगांनंतर हरवली. तिची पुनर्रचना १९८७ मध्ये अमेरिकेत सादर झाली, आणि ती उभी करताना ज्या साधनांचा मोठा उपयोग झाला त्यांत रांबेर यांनी स्वरलेखनाच्या प्रतीवर केलेल्या टिपा होत्या. रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेली नृत्यलेखनाची पद्धती खालून वर वाचली जाते; चिन्हाचा आकार दिशा दाखवतो आणि त्याची लांबी वेळ. १९५५ मध्ये पुढे आलेली बेनेश पद्धती संगीतासारख्या पाच रेषांवर लिहिली जाते. व्हिडिओ आल्यापासून या पद्धती शिकण्याची गरज अनेकांना वाटत नाही. पण व्हिडिओत एका संध्याकाळचा एक प्रयोग असतो, त्यात झालेल्या चुकांसकट. दिग्दर्शकाला काय अभिप्रेत होते ते त्यात नसते. त्यामुळे निदान स्वतःच्या खुणांची, जमिनीवरच्या वाटांची आणि मोजणीची वही प्रत्येकाने ठेवावी.

या नोंदीला कायद्याच्या दृष्टीनेही किंमत आहे. हान्या होल्म यांनी एका संगीतिकेतल्या आपल्या नृत्यांचे लाबान पद्धतीने केलेले लेखन १९५२ मध्ये अमेरिकेत प्रताधिकारासाठी (कॉपीराइटसाठी) नोंदवले आणि नृत्यरचनेच्या हक्काला एक वाट मिळाली. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातही नाट्यकृतीच्या व्याख्येत नृत्यरचना येते, पण ती लेखनाने किंवा अन्य प्रकारे निश्चित स्वरूपात बद्ध झालेली असावी लागते. आपले श्रेय मागण्याचा हक्क जितका महत्त्वाचा, तितकेच दुसऱ्याचे श्रेय देण्याचे कर्तव्य महत्त्वाचे. दुसऱ्याची रचना पाहून तिचे फॉर्मेशन जसेच्या तसे उचलणे, साहाय्यकाने सुचवलेला अख्खा भाग आपल्या नावावर घालणे, हे इतके सर्रास चालते की नव्या मुलांना त्यात काही गैर वाटेनासे झाले आहे. मला ते गैर वाटते. कार्यक्रमपत्रिकेत साहाय्यकाचे नाव छापायला एक ओळ लागते.

वयाचा प्रश्नही अनेक जण विचारतात. नर्तकाची कारकीर्द शरीरावर अवलंबून असते. दिग्दर्शकाची तशी नसते, मात्र त्याला काम करण्याची रीत बदलावी लागते. कनिंगहॅम यांना उतारवयात संधिवातामुळे हालचाली करून दाखवणे अवघड झाले, तेव्हा सत्तरी ओलांडताना त्यांनी संगणकावर मानवी आकृती हलवून रचना आखायला सुरुवात केली, आणि २००९ मध्ये, नव्वदाव्या वाढदिवशीही त्यांची नवी कलाकृती रंगमंचावर आली. करून दाखवता येणे थांबल्यानंतरही ज्याला पाहता, निवडता आणि सांगता येते, तो या कामात टिकतो.

म्हणून रचना करायला कधी घ्यायची, असे विचारणाऱ्यांना मी काही अटी घालते. पहिली रचना चार जणांची आणि तीन मिनिटांची असावी. त्या चौघांत आपण स्वतः नसावे, आणि निदान एकाची शरीरयष्टी व शिक्षण आपल्याहून पूर्ण वेगळे असावे. संगीत आधी वहीत मोजून, त्यातल्या वाक्यांसकट लिहून काढावे. तालमी चालू असताना दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाच्या तालमीत कोपऱ्यात बसण्याची परवानगी मागावी, आणि तिथे हालचालींपेक्षा तो माणूस आपल्या नर्तकांशी कसा बोलतो याकडे लक्ष द्यावे. प्रयोगाच्या वेळी विंगेतून खुणा करत राहू नये. शेवटच्या रांगेत एखादी कडेची खुर्ची पकडावी, हातात वही ठेवावी आणि पुढच्या तालमीत काय काढून टाकायचे त्याची यादी तिथेच करायला घ्यावी.